घोडी, खेचर, गाढवं : दाढांना कानस लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वरातीची एक घोडी आहे. सात-आठ वर्षांपूर्वी घेताना सात वर्षांची सांगितली होती, म्हणजे आता चौदा-पंधराची. दोन महिन्यांपासून ती गवत चावता चावता ओल्या लोळ्या खाली टाकते आणि लगाम चढवताना मान वर करते. जेजुरीच्या बाजूला तुमची वीटभट्टी आहे. तिथे चार गाढवं नि एक खेचर, त्यांची काही तक्रार नाही. गावात फिरणारा एक जण म्हणतो, "सगळ्यांच्याच दाढा घासून देतो, दरसाल घासाव्याच लागतात." घासून घ्यायच्या का, आणि किती दिवसांनी?

घोडीचं तोंड याच आठवड्यात डॉक्टरांकडून बघून घ्या. गाढवांचं आणि खेचराचं वर्षातून एकदा बघून घ्याच, तक्रार असो वा नसो. पण मी 'बघून घ्या' म्हणतोय, 'घासून घ्या' म्हणत नाहीये. बघितल्याशिवाय जो कानस काढतो, त्याला जनावराजवळ येऊ देऊ नका. मी सत्तावीस वर्षं या तोंडांत हात घालतोय. दात न घासल्याने बिघडलेली जनावरं पुष्कळ पाहिली, पण नको तितकं घासल्याने बिघडलेलीही कमी पाहिली नाहीत. त्यातलं एक माझ्याच हातचं होतं, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे घोड्याचे दात बघत नाहीत असं कोण म्हणेल? सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात पाऊल ठेवा, जो तो ओठ वर करून दात बघत असतो. जेजुरीला पौष पौर्णिमेला बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो, तिथेही तेच. अदंत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, यावर भाव ठरतो. पण हे सगळे पुढचे, पटाशीचे दात. ते गवत तोडायला असतात. चावायचं सगळं काम मागच्या चोवीस दाढांचं, आणि त्या ओठ उचलून दिसत नाहीत. गालाच्या आत, पार डोळ्याच्या खालपर्यंत त्यांची रांग गेलेली असते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे म्हणतात, ते घोड्यालाही लागू आहे. व्यापाऱ्याला पुढच्या दातांवरून वय कळतं. जनावर पुढची दहा वर्षं कसं खाणार, हे मात्र त्या बाजारात कुणीच बघत नाही.

जाता जाता वयाबद्दल. पाच वर्षांपर्यंत दातांवरून सांगितलेलं वय बऱ्यापैकी खरं असतं. दुधाचे पटाशीचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास जोडीजोडीने बदलतात. पुढे दातावरचे खड्डे बुजत जातात. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर एक खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ दिसू लागते, पंधराच्या सुमारास अर्ध्यावर येते, विसाव्याला पूर्ण दाताच्या लांबीची होते. पण हा सगळा अंदाजच. दहाच्या पुढे दोन-तीन वर्षं इकडेतिकडे सहज होतात. म्हातारं जनावर तरुण दिसावं म्हणून दातांत खोटे खड्डे कोरून ते डाग देऊन काळे करण्याची लबाडीही जुनीच. तेव्हा तुमची घोडी चौदाची की अठराची, यावर फार विसंबू नका. तोंडच काय ते सांगेल.

आता मुळाची गोष्ट. माणसाचा दात एकदा आला की तेवढाच राहतो. या तिन्ही जनावरांची दाढ तशी नाही. तरुण घोड्याची दाढ सात ते दहा सेंटिमीटर लांब असते, पण तोंडात दिसतो तो वरचा थोडासा भाग. बाकीची जबड्याच्या हाडात पुरलेली असते. गवतात वाळूसारखा कठीण अंश असतो. तो चावता चावता दाढ झिजते आणि खालून दरवर्षी सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वर सरकते. लोक म्हणतात "घोड्याचे दात आयुष्यभर वाढतात." तसं नसतं. पाच-सहा वर्षांनंतर नवीन काही तयार होत नाही, पुरलेलं तेवढं वर येत राहतं. बँकेतली ठेव मोडून खाण्यासारखंच आहे हे. पंचविशीच्या पुढे ठेव संपत येते, दाढ गुळगुळीत होते, मग हलते आणि पडते. आता हिशेब करा: कुणी हौसेने चावण्याच्या पृष्ठावरून तीन मिलिमीटर उडवले, तर तुमच्या घोडीच्या आयुष्यातली वर्षभराची दाढ त्याने पाच मिनिटांत खर्च केली.

मग घासायचंच कशाला? वरचा जबडा खालच्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने रुंद असतो, गाढवात हा फरक किंचित जास्तच. जनावर चावतं तेव्हा खालचा जबडा बाजूला फिरवून गोल गोल दळतं. लांब गवत भरपूर असेल तर हा फेरा मोठा पडतो आणि दाढ कडेपर्यंत झिजते. फेरा आखूड पडला की वरच्या दाढेची गालाकडची कड आणि खालच्या दाढेची जिभेकडची कड झिजायची राहते. तिथे इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या सगळ्यात कठीण थराच्या, धारदार टोकांची रांग तयार होते. ही टोकं गाल कापतात, जिभेला जखमा करतात. वर घट्ट मोहरकी किंवा लगाम असला, की गाल त्या धारेवर दाबला जातो. तुमची घोडी लगामाला मान वर करते ते 'नखरा' असेलच असं नाही.

फेरा आखूड का पडतो? बव्हंशी आपल्या चारण्यामुळे. माळावर सोडलेला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास खात असतो. एक किलो वाळलं गवत संपवायला घोड्याला तीन हजारांच्या वर चावे घ्यावे लागतात. तेवढीच चंदी, म्हणजे दाणा-कोंडा, असेल तर हजारभर चाव्यांत काम संपतं, तेही वर-खाली, बाजूला न फिरवता. वरातीच्या घोड्यांचं नेमकं हेच होतं. दिवसभर दावणीला, सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात हरभरा नि कोंडा, आणि गवत म्हणाल तर नावाला. दाढा धारदार झाल्या नाहीत तरच नवल.

कोंड्याबद्दल इथेच सांगतो, कारण तो प्रकार मी दर हंगामात बघतो. गव्हाचा कोंडा स्वस्त आणि घोड्याला आवडतो, म्हणून लोक पाट्या भरून घालतात. कोंड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. महिनोन्‌महिने असा आहार राहिला की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, जबडा मऊ पडतो, चांगल्या दाढाही हलायला लागतात. अशा जनावराची दाढ घासून काय होणार? आधी कोंडा कमी करा, लसूणघास सुरू करा, आणि चुनखडीची भुकटी किती द्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गवताच्या लोळ्या म्हणजे अर्धवट चावून, लाळेत भिजून खाली टाकलेल्या गुंडाळ्या. हे दातदुखीचं सगळ्यात बोलकं लक्षण, पण उशिरा दिसणारं. त्याआधीची लक्षणं मालकाच्या डोळ्यांसमोर असतात, फक्त त्याला ती दात म्हणून कळत नाहीत. खायला लागणारा वेळ वाढतो. जनावर मान एका बाजूला कलती करून चावतं. चारा पाण्यात बुडवून खातं. गालात घास साठवून ठेवतं. तोंडाला कुजका वास येतो. लिदीत अख्खे हरभरे किंवा लांब लांब काड्या दिसतात. लीद मुठीत घेऊन पिळून मोडून बघायची सवय लावा, किळस वाटली तर हातमोजा घाला. तिच्यातले तंतू बोटाच्या पेरापेक्षा लांब दिसू लागले तर दळण नीट होत नाही असं समजा. घोड्याच्या लिदीत मला जे दिसतं, ते दहा मिनिटं मालकाशी बोलून कळत नाही.

घरच्या घरी आणखी एक करता येतं. तोंड न उघडता, बाहेरून गालावर वरच्या दाढांच्या रांगेवर बोटांनी हलकंच दाबत पुढून मागे जा. धार असेल तर जनावर झटकन मान काढून घेतं. दोन्ही बाजू करून बघा, एकीकडेच झटकलं तर ते जास्त महत्त्वाचं. खालच्या जबड्याच्या कडेवरून हात फिरवा. तीन-चार वर्षांच्या शिंगराला तिथे दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी लागल्या तर घाबरू नका, खालून नवीन दाढा येताहेत. एकाच बाजूला, गरम, दुखरी गाठ असेल, किंवा म्हाताऱ्या जनावरात गाठ आली असेल, तर ती मुळाची असू शकते. पण हात आत घालू नका. पुढचे दात आणि दाढा यांच्यात जी मोकळी जागा असते, जिथे लगामाचं कडियाळं बसतं, तिथपर्यंतच मालकाचं बोट जावं. दाढांमध्ये बोट आलं तर नुसतं मोडत नाही, तुटतं.

त्याहून मोठा एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लाळ गळतेय, खाता येत नाही, गिळता येत नाही, हे बघून 'घशात काही अडकलंय' म्हणून तोंडात हात घातलेले लोक मी पाहिलेत. आपल्याकडे भटकी कुत्री आहेत आणि रेबीज घोडा-गाढवांनाही होतो. सुरुवातीला तो अगदी असाच दिसतो: लाळ, गिळायला त्रास, आवाजात बदल, चालीत लटपट, कधी उगाच चावरेपणा. लक्षणं अचानक आली असतील तर उघड्या हाताने तोंडाला स्पर्शही नको, मग तो दात असो की काटा. हात लागून गेलाच असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तुमच्या घोडीचं दुखणं दोन महिन्यांचं आहे, म्हणून मला इथे रेबीजची शंका नाही. पण हे वाचणारा दुसरा कुणी असेल.

तसंच नाकाचं. वरच्या मागच्या चार दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला टेकलेली असतात. तिथलं मूळ सडलं की एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येतो, आणि लोक महिनाभर 'सर्दी'वर औषध देत बसतात. एका बाजूचा वास मारणारा स्राव म्हणजे दाढ, असं धरूनच तपासणी सुरू करावी. मात्र चिकट पू, त्वचेवर फुटणाऱ्या गाठी, ताप असं एकत्र दिसलं तर ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग तपासल्याशिवाय कुणीही तोंड-नाकाशी खेळू नये. तो माणसाला होतो, कायद्याने कळवावा लागतो, आणि पशुसंवर्धन खात्यामार्फत रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. मालक हे लपवतात, कारण निदान पक्कं झालं की जनावराला दयामरण द्यावं लागतं. कळतं मला. तरी लपवू नका.

आता डॉक्टर आल्यावर काय व्हायला हवं, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला चांगलं काम आणि खोटं काम यांतला फरक कळेल. आधी जनावराचं वजन, हृदय, गर्भ आहे का, हे विचारलं-तपासलं जाईल. मग गुंगीचं इंजेक्शन. ते नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचं असतं, आणि तुमच्या गावातल्या माणसाच्या पिशवीत ते असेल तर तो आणखी मोठा प्रश्न आहे. गुंगी आली की तोंड पाण्याने धुऊन घास काढून टाकायचा. मग पुढच्या दातांत बसणारा, खटके असलेला स्पेक्युलम लावून तोंड हळूहळू उघडायचं, एकदम आ वासवायचं नाही. डोक्याला दिवा, हातात लांब दांड्याचा आरसा, आणि मग हात. प्रत्येक दाढ बघून, चाचपून, फटींत सळई घालून, हलते का ते पाहून कागदावर लिहायचं. या सगळ्याला कानशीपेक्षा जास्त वेळ लागतो. स्पेक्युलम दहा-पंधरा मिनिटांच्या वर सलग ताणून ठेवायचा नाही, मध्ये सैल करून जबड्याला विसावा द्यायचा. जीभ बाहेर ओढून, एका हाताने मुठीत धरून, दुसऱ्या हाताने कानस मारणारे अजून आहेत. ते धाडस बघायला बरं वाटतं, पण त्यात मागच्या दोन दाढांपर्यंत कानस पोचतच नाही, आणि रोग बहुधा तिथेच असतो.

घासायचं ते कडेचं टोक. वरच्या दाढांची बाहेरची कड, खालच्यांची आतली कड, आणि पहिल्या वरच्या किंवा शेवटच्या खालच्या दाढेवर हूक, म्हणजे आकडीसारखं टोक, वाढला असेल तर तो. चावायचं पृष्ठ मात्र खडबडीतच राहिलं पाहिजे. इनॅमल कठीण आणि मधला भाग मऊ, म्हणून तिथे उंचसखल रेघा असतात. त्या रेघा म्हणजे जात्याची टाकी. जातं गुळगुळीत झालं की आपण टाकी घालून घेतो ना? इथे उलटं करतात, टाकी घातलेलं जातं घासून आरशासारखं करून देतात आणि मालक खूश होतो, "काय साफ केलं!" मग आठ दिवस जनावर का खात नाही, ते कुणाला समजत नाही.

माझी चूक हीच होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, नवा विजेवर चालणारा रास्प, म्हणजे यंत्राची कानस, हातात आलेला. एका सतरा वर्षांच्या घोड्याच्या दाढांची रांग लाटेसारखी वर-खाली झालेली होती. मी एकाच बैठकीत ती सरळ रेषेत आणली. रेष सुंदर आली. घोड्याने चार दिवस तोंडाला चारा लावला नाही. काही दाढांत चावायच्या पृष्ठापासून नस अगदी काही मिलिमीटरवर असते आणि यंत्राची उष्णता नसेपर्यंत पोचते, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या घोड्याने ते शिकवलं. तेव्हापासून माझा नियम असा: जुनी लाट, पायरी किंवा वाकडी रांग असेल तर एका वेळी फार तर दोन-तीन मिलिमीटर, दातावर मधून मधून पाणी, आणि उरलेलं सहा महिन्यांनी. बऱ्याच म्हाताऱ्या तोंडांत तर लाट सरळ करायचीच नसते. तिच्यासोबत जगायचं असतं.

काम झाल्यावर गुंगी पूर्ण उतरेपर्यंत, साधारण दोन तास, चारा-चंदी नको, नाहीतर घास अन्ननळीत अडकतो. मग दोन-तीन दिवस भिजवलेलं मऊ खाणं. धनुर्वाताची लस नसेल तर आजच द्या. हे दातांशी नव्हे, जिवाशी निगडित आहे.

तुमच्या घोडीला माझ्या अंदाजाने दोनपैकी एक झालं असेल. एक तर धारदार कडा नि गालाला जखम, म्हणजे साधं काम. दुसरं म्हणजे दोन दाढांमध्ये फट पडून तिथे गवत अडकणं. वरून ती फट अरुंद आणि खाली रुंद असेल तर चारा आत जातो, बाहेर येत नाही, कुजतो, हिरडी खोल जाते. घोड्याला होणाऱ्या दातदुखीत ही सगळ्यात वाईट, असं माझं मत. यात घासून भागत नाही. फट साफ करायची, धुवायची, कधी भरायची, कधी यंत्राने रुंद करायची, आणि चारा बदलायचा. लांब, चिवट धाटं बंद. भिजवलेलं, बारीक, मऊ. आणखी एक गोष्ट आपल्या माळांवरची: कुसळी गवत. पावसाळा संपला की त्याची कुसळं जिभेखाली, ओठाच्या आत, हिरडीत घुसतात आणि तोंड फोडांनी भरतं. लोक त्यालाही दात म्हणतात. बघितल्याशिवाय ओळखता येत नाही.

'टाळू' हाही त्यातलाच प्रकार. तरुण घोड्याचे पुढचे दात बदलताना त्यामागचा टाळूचा भाग थोडा फुगतो. ते नेहमीचं आहे. घोडा नीट खात नाही म्हणून टाळू कापून रक्त काढणं किंवा डाग देणं हा निव्वळ छळ आहे. जुन्या सालोत्र्यांकडून, म्हणजे परंपरेने घोड्यांवर उपचार करणाऱ्यांकडून, आम्ही खूप शिकलो, 'शालिहोत्र' शब्द घासून घासूनच 'सालोत्री' झाला आहे, पण ही एक गोष्ट त्यांच्याकडून घेऊ नये. काट्यांचं किंवा टोकं असलेलं कडियाळं वापरू नका हे वेगळं सांगायला नको. १९६५ च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांतच त्याला बंदी आहे. तरी वरातींत अजून दिसतं.

शिंगरू असेल तर जन्मल्यावर वरचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा पुढे आलाय का तेवढं बघा. वर्ष-दीड वर्षाला पहिली तपासणी. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे शेंगदाण्याएवढा एक छोटा दात कधी कधी असतो. लगाम लावायच्या आधी तो काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, सगळ्यांचा काढायची गरज नसते. अडीच ते पाच वर्षांत मात्र दर सहा महिन्यांनी बघा. या काळात चोवीस दुधाचे दात पडतात, पुढे मादीला छत्तीस ते चाळीस आणि नराला चाळीस ते चव्वेचाळीस दात होतात. दुधाची दाढ नव्या दाढेवर टोपीसारखी अडकून राहते. हलत असेल तरच काढायची, कच्ची उपटली तर खालचीचं नुकसान. पाच ते पंधरा वर्षं वर्षातून एकदा पुरे. पंधराच्या पुढे पुन्हा सहा महिन्यांनी, पण तिथे काम बघायचं जास्त नि घासायचं कमी.

आता गाढवं. "त्यांची काही तक्रार नाही" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. गाढव तक्रार करतच नाही. घोडा दुखलं की पाय आपटतो, घाम फुटतो, अंग टाकतो. गाढव कान थोडे खाली करून उभं राहतं. तोंडात सडलेली दाढ घेऊन ते विटा वाहत राहतं आणि मालक म्हणतो, "जरा मंद झालंय, म्हातारं झालंय." नीट सांभाळलेलं गाढव तीस वर्षं सहज जगतं, म्हणजे त्याला दातांची गरज घोड्यापेक्षा जास्त काळ. भट्टीवर ते मातीत, राखेत पडलेलं खातं, कागद नि पोत्याच्या सुतळ्या चघळतं. एकदा एका गाढविणीच्या दाढेभोवती मी हातभर नायलॉनची दोरी गुंडाळलेली काढली आहे. दोरी निघाल्यावर ती तासाभरात खायला लागली.

गाढवाचा खरा धोका दातापेक्षा उपासाचा आहे. जाड किंवा गाभण गाढविणीने एक-दोन दिवस नीट खाल्लं नाही तरी अंगातली चरबी रक्तात उतरते, रक्त दुधाळ होतं, यकृत बसतं, आणि मग वाचवणं फार अवघड. म्हणून गाढव मंद दिसलं, कान पडले, चारा मागे राहिला, तर 'उद्या बघू' नाही. त्याच दिवशी फोन. दातांचं काम केल्यावरही गाढव त्या संध्याकाळी खातंय की नाही, हे उभं राहून बघा. तोंड चारीत घालून उभं राहणं आणि खाणं यांत फरक आहे. जबडा हलतोय का, गिळतंय का, ते बघायचं. तुमच्या भट्टीवर विटा मोजायला माणूस असेल, तसाच चारा मोजायलाही एक ठेवा. सोबती गाढवाला शेजारीच बांधा, त्याला दूर नेलं की हे खायचं सोडतं.

खेचराचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. त्याला गुंगीचं औषध घोड्यापेक्षा जास्त लागतं आणि गुंगी आल्यासारखं उभं असताना ते अचूक लाथ मारतं. एकदा तोंडाला दुखवलं की दहा वर्षं विसरत नाही. म्हणून कामाच्या महिनाभर आधीपासून रोज दोन मिनिटं ओठ, गाल, हिरडी हाताळत जा, शेवटी गुळाचा खडा द्या. गाढवाला गुळाची चव नसते म्हणणाऱ्याने गाढव पाळलेलं नसतं. लहान शिंगरांनाही हीच सवय लावा. कुठल्याही कानशीपेक्षा हे स्वस्त.

चौघा गाढवांत एखादं पंचविशीचं असेल आणि दाढा गेल्या असतील, तर घासण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्याला काड्या चावता येणार नाहीत, मग काड्या देऊ नका. बारीक कुट्टी रात्रभर भिजवा, गवताच्या गोळ्या मिळाल्या तर पाण्यात फुगवून लापशीसारख्या करा, त्यात थोडं मीठ, थोडं तेल. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. थंडीत कोमट पाणी. वजन दर पंधरा दिवसांनी छातीभोवती दोरी धरून, गाठ मारून तीच दोरी ठेवून बघा. अशी तीन-चार वर्षं सुखात काढलेली दंतहीन गाढवं मी पाहिली आहेत.

घोडीचं आधी करून घ्या. गाढवं नि खेचर एकाच दिवशी एकत्र दाखवा, म्हणजे डॉक्टरांची फेरी एक. निघताना त्यांच्याकडून दातांचा तक्ता लिहून घ्या. त्यावर तीन आकडी खुणा असतील: पहिला आकडा जबड्याचा, वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४; पुढचे दोन आकडे मधल्या दातापासून मागे मोजत जायचे. २०६ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, ४११ म्हणजे खालची उजवी सगळ्यात मागची. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खोगिराच्या पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा डॉक्टर आला तरी २०६ मागच्या वेळी कुठे होती, आज कुठे आहे, हे त्याला बघता येईल. आणि तो फिरता माणूस पुन्हा आलाच, तर त्याच्यासमोर हा कागद धरून विचारा, यातली कुठली दाढ घासणार आहेस?